१९६९ची एमजीबी जीटी आणि ताशी १३० मैल: बॉनव्हिलच्या मिठावर धावण्याच्या तयारीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका छोट्या टीमचं आहे. माणसांची नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. गाडीचा मालक साठी ओलांडलेला निवृत्त मशिनिस्ट, आणि चालकही तोच. इंजिन बांधणारा त्याचा जुना मित्र. केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) आणि पत्र्याचं वेल्डिंग मालकाच्या पुतणीकडे होतं. माझ्याकडे हिशेब आणि डेटा लॉगर, म्हणजे धावताना वेग, आरपीएम वगैरे नोंदवणारं यंत्र.

गाडी म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची १९६९ची स्पोर्ट्स कार, एमजीबी जीटी. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेली, अमेरिकेसाठी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन, मूळची ताकद सुमारे ९५ हॉर्सपॉवर, सपाट रस्त्यावर कमाल वेग ताशी १०५ मैलांच्या (१६९ किमी) आसपास. मालकाने ती बरीच वर्षं रोजच्या वापरात ठेवली होती. नंतर ती शेडमध्ये उभी राहिली.

या गाडीला मिठावर न्यायचं खूळ कुठून आलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. युटा राज्यातलं बॉनव्हिल म्हणजे एका प्राचीन सरोवराचा आटलेला तळ. कच्छचं रण पाहिलेल्याला त्या पांढऱ्या सपाटीची कल्पना लगेच येईल. १९५४ साली ब्रिटिश गाडी-निर्माते डोनाल्ड हीली इथे सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) लावलेल्या ऑस्टिन-हीलीने ताशी १९२ मैलांच्या वर गेले. १९५७ साली ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉसने एमजीच्या ईएक्स-१८१ या गाडीतून २४५.६४ मैलांचा वेग गाठला, तोही दीड लिटरच्या इंजिनावर. १९५९ साली अमेरिकन रेसर फिल हिलने तीच गाडी २५४.९१ वर नेली. ईएक्स-१८१चं इंजिन एमजीए ट्विन कॅम या एमजीच्याच मॉडेलचं, आणि त्या इंजिनाचा ब्लॉक बी-सिरीजच्याच घराण्यातला. शेडमधल्या गाडीच्या बोनेटखाली त्या इंजिनाचं चुलत भावंड बसलं आहे, ही गोष्ट मालकाला झोप लागू देत नव्हती.

मात्र ईएक्स-१८१चा वेग फक्त इंजिनातून आला नव्हता. सुपरचार्जरसह त्या इंजिनाची ताकद २९० हॉर्सपॉवरच्या आसपास होती. एवढी ताकद आज पुष्कळ गाड्यांत असते, पण त्या काही २४५ मैलांनी धावत नाहीत. त्या गाडीचा आकार पाण्याच्या थेंबासारखा होता आणि चालक जवळजवळ झोपूनच बसायचा. पुढे आमच्या टीमने जे काही कमावलं आणि गमावलं, त्याचं मूळ हा धडा किती लक्षात राहिला यात आहे.

नेमका प्रश्न

मालकाचं उद्दिष्ट साधं होतं. याच गाडीने, याच घराण्यातल्या इंजिनावर, एका पूर्ण मैलाची सरासरी ताशी १३० मैल (२०९ किमी) काढायची.

हवेचा विरोध ओलांडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. १०५ वरून १३० वर जायचं तर वेग २४ टक्केच वाढतो, पण ताकद जवळजवळ दुप्पट लागते. त्यात बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फुटांवर. ऑगस्टमध्ये दुपारी पारा ३५ अंशांवर गेला की हवा ७,५०० फुटांवर असावी इतकी विरळ होते, सकाळी साधारण ५,५०० फुटांइतकी. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच विरळ हवेत विरोधही तितकाच कमी होतो, हे मात्र अनेकजण विसरतात. साध्या, विनासुपरचार्जर इंजिनासाठी या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एकमेकींना फेडतात. मिठावर चाक फिरवायला लागणारा जोर मात्र हवेबरोबर कमी होत नाही, तो पूर्ण द्यावाच लागतो. पिटमध्ये सगळे "सकाळची हवा, सकाळची हवा" करतात, पण आमच्यासारख्या गाडीला तिचा फायदा लोक समजतात त्याहून बराच कमी असतो.

आम्ही गाडीच्या पुढच्या भागाचं क्षेत्रफळ गुणिले ड्रॅगचा (आकारामुळे होणाऱ्या हवेच्या विरोधाचा) गुणांक हा आकडा ०.७० चौरस मीटर धरला आणि केज व चालकासह वजन ११५० किलो. हिशेब असा निघाला: १३० मैलांना चाकांवर सुमारे ११८ हॉर्सपॉवर हवेत. त्यातले ९६ हवेसाठी, २२ मिठासाठी. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमधली घट, वर उंचीची घट जमेस धरली, की समुद्रसपाटीवर मोजलेलं इंजिन १६०च्या थोडं वर हवं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय युटातल्या संघटनेच्या १३० मैल क्लबचा. सप्टेंबरच्या वर्ल्ड ऑफ स्पीड या मेळाव्यात रस्त्यावरच्या गाड्यांना तुलनेने हलक्या सुरक्षा-अटींवर धावता येतं आणि सरासरी १३० झाली की क्लबात प्रवेश मिळतो. स्वस्त आणि लवकर होणारं काम.

दुसरा, ऑगस्टच्या स्पीड वीकमध्ये रीतसर जीटी वर्गात उतरायचं. इथे वर्ग इंजिनाच्या आकारमानावर ठरतो. ९३ ते १२२.९९ घनइंच, म्हणजे साधारण दीड ते दोन लिटर, हा 'जी' गट. बॉडीचा आकार मूळचा राखायचा, आणि सुरक्षा मात्र पूर्ण.

तिसरा, सुपरचार्जर लावायचा. ताकद सहज मिळेल, पण गाडी वेगळ्या वर्गात जाईल आणि १९६०च्या दशकातल्या ओतीव लोखंडी हेडवर ताण येईल. चौथा, ३.५ लिटरचं रोव्हर व्ही-८ बसवायचं. कारखान्यानेच तशी एमजीबी जीटी व्ही-८ विकली होती, त्यामुळे हा काही उपरा विचार नव्हता. पण त्या इंजिनाने गाडी 'ई' गटात जाते. शिवाय मालक ठाम होता: बी-सिरीज नसेल तर जायचंच कशाला?

निर्णय दुसऱ्या पर्यायाचा झाला. त्यामागचं कारण मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. क्लबच्या हलक्या अटी कागदावर पुरेशा असतील, पण साठी ओलांडलेला माणूस पहिल्यांदाच मिठावर १३०ने जाणार असेल, तर पूर्ण केज आणि आग विझवणारी यंत्रणा हवीच, असं पुतणीने स्पष्ट सांगितलं. वर्गातला विक्रम आमच्या आवाक्यातला नव्हता. वर्ग आकारमानावर ठरतो, वयावर नाही, त्यामुळे आधुनिक इंजिनांच्या गाड्याही त्याच रांगेत असतात. मालकाला विक्रम नकोच होता. त्याला त्याचा आकडा हवा होता.

पहिला निर्णय: आधी पत्रा

इंजिनवाल्याने लगेच ब्लॉक उतरवायची तयारी केली. पुतणीने त्याला थांबवलं. तिने पुढच्या चाकामागे, दरवाजाखालच्या सिलवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला. तो रंग फोडून मुठीपर्यंत आत गेला. आतून मूठभर तांबडा भुगा गळला.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही. बाजूच्या सिलच गाडीची हाडं आहेत, आणि केजचे पाय त्यांच्याच आधाराने उभे राहणार. गंजलेल्या सिलवर केज बसवला तर उलटताना तो गाडीचा पत्रा फाडून आत घुसेल. दोन्ही बाजूंच्या सिल, आतल्या पडद्यांसह, कापून नव्या बसवल्या. कापण्याआधी दरवाजांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड केले, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि मग दरवाजे कधीच नीट लागत नाहीत.

या कामात महिने गेले आणि इंजिनाच्या बजेटला कात्री लागली. पूर्ण प्रकल्पातला सर्वांत योग्य निर्णय कोणता असं विचारलं तर मी हाच सांगेन.

इंजिन

'जी' गटाची मर्यादा दोन लिटरपर्यंत असल्याने ब्लॉक बोअर करून आकारमान वाढवायला वाव होता. किती, यावर वाद झाला. १८६८ सीसीपर्यंत सिलिंडरच्या भिंती जाड राहतात. १९५० सीसीला त्या पातळ होतात आणि ब्लॉक जुना असेल तर आतून गंजलेल्या जागी पाणी फुटू शकतं. इंजिनवाल्याने अल्ट्रासाउंडने भिंतींची जाडी मोजून घेतली, मोजमाप बरं आलं, आणि १९५०चा निर्णय झाला.

बी-सिरीजची खरी अडचण हेडमध्ये आहे. चार सिलिंडरना हवा आत घ्यायला दोनच पोर्ट, म्हणजे दोन-दोन सिलिंडर एकाच तोंडातून श्वास घेतात. बाहेर जायला तीन. अ‍ॅल्युमिनियमचं क्रॉसफ्लो हेड मिळतं, पण सिलमध्ये पैसे गेले होते. लोखंडी हेडच घासून, मोठे व्हॉल्व्ह घालून वापरलं. कॉम्प्रेशन ११:१, स्टीलचा फ्लायव्हील, रेसचा, म्हणजे वरच्या आरपीएमलाच खरी ताकद देणारा कॅम, आणि दोन मोठे एसयू एचएस-६ कार्बोरेटर. वेबर कंपनीचे कार्बोरेटर घालावेत असं इंजिनवाल्याला वाटत होतं. मालकाने एसयू धरून ठेवले, कारण त्यांच्या, पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या सुया तो डोळे मिटून बदलू शकत होता.

ताकद मोजणाऱ्या डायनोवर आकडा आला १५२ हॉर्सपॉवर, ६,१०० आरपीएमला. हवे होते त्यापेक्षा दहा-अकरा कमी. आमच्या हिशेबाने एवढ्यात १२६-१२७ मैल मिळायला हवेत. मालकाला तो आकडा सांगितला. तो म्हणाला, "आधी तिथपर्यंत तर जाऊ."

गिअरिंगचा निर्णय

प्रकरणाचा खरा सांधा इथे आहे.

मूळ गाडीत ३.९चा अ‍ॅक्सल, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या ३.९ फेऱ्या. मूळ मापाच्या टायरवर टॉप गिअरमध्ये दर हजार आरपीएमला ताशी १७.९ मैल. म्हणजे १३०ला ७,२००च्या वर आरपीएम, आणि एवढा रेव्ह या क्रँकला परवडणारा नाही. आम्ही मर्यादा ६,४०० ठरवली होती. तेव्हा गिअरिंग उंच करायला हवं होतं. मार्ग तीन:

व्ही-८ मॉडेलचा ३.०७चा क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी). एमजीसी या भावंड मॉडेलचा ३.३चा. किंवा मूळ ३.९ तसाच ठेवून या गाडीत आधीपासून असलेला लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे टॉपच्याही वरचा जादा गिअर वापरायचा, ज्याचं गुणोत्तर ०.८२.

तक्ता भिंतीवर लावला. ३.०७ने १३०ला फक्त ५,७०० आरपीएम. इंजिन निवांत. शिवाय तो संच हाताशी होता, स्वस्तात मिळालेला. ओव्हरड्राइव्ह म्हणजे जादा वजन, तेलाच्या दाबावर चालणारा नाजूक क्लच, सोलेनॉइड, वायरिंग. रेसच्या गाडीतून अशा गोष्टी काढून टाकायच्या असतात, ही समजूत सगळ्यांच्या डोक्यात पक्की. ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स आणि जुना ३.९चा अ‍ॅक्सल शेडच्या कोपऱ्यात गेले. साधा चार गिअरचा बॉक्स आणि ३.०७ गाडीत बसले.

तक्त्यातला शेवटचा रकाना सगळ्यांनी पाहिला, मधले पाहिले नाहीत. या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये मोठी दरी आहे. तिसऱ्यात ६,४०० पर्यंत ताणून चौथा टाकला की आरपीएम ४,६००च्या आसपास कोसळतो. ३.९च्या अ‍ॅक्सलवर हे कोसळणं ८३ मैलांना घडतं, तिथे हवेचा विरोध अजून किरकोळ असतो. ३.०७वर तेच १०६ मैलांना घडतं, जिथे गाडीला आधीच चाकांवर ७० हॉर्सपॉवर लागत असतात आणि ४,६०० आरपीएमला रेसच्या कॅमचं इंजिन जेमतेम ८५ देत असतं. उरतात पंधरा. एवढ्या शिलकीवर अकराशे किलोंची गाडी रांगत पुढे जाते.

आणखी एक गोष्ट. १९६९च्या जीटीचा अ‍ॅक्सल नळीच्या पद्धतीचा. सुरुवातीच्या एमजीबी रोडस्टरांना बँजो अ‍ॅक्सल होता, त्याचा डिफरन्शियलचा गोळा पुढून सोडून दुसरा बसवता येतो. नळीच्या अ‍ॅक्सलमध्ये हाउसिंग ताणायचं अवजार लागतं, शिम (पातळ चकत्या) लावून दातांची बैठक जुळवावी लागते. हे काम मिठावर ताडपत्रीखाली होत नाही. गुणोत्तराचा निर्णय घरून घेऊनच निघायचं होतं.

सुरक्षा आणि तपासणी

यावर पुस्तकभर लिहिता येईल, मी चटके बसले तेवढंच सांगतो. केज, सीट, बेल्ट, दंड धरून ठेवणारे पट्टे, खिडकीची जाळी, इंजिन आणि चालक दोघांकडे तोंडं असलेली अग्निशमन यंत्रणा, फ्लायव्हीलभोवती संरक्षक कवच, प्रोपेलर शाफ्टखाली कडं, बाहेरून बंद करता येणारा मुख्य स्विच. मूळ गाडीत मागच्या सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या काढून एकच बंदिस्त बॅटरी घट्ट बांधली. टायर व्ही श्रेणीचे घेतले. त्याखालच्या एच श्रेणीची मर्यादाच ताशी २१० किमी, म्हणजे बरोबर आमच्या उद्दिष्टावर, आणि मर्यादेवर धावणारा टायर कुणालाच नको होता. १४ इंची रिमला योग्य टायर शोधण्यात अपेक्षेपेक्षा फार वेळ गेला.

चालकाला पूर्ण जामानिम्यासह झटपट बाहेर पडून दाखवावं लागतं. घरी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मानेच्या आधाराचा मागचा भाग केजच्या बाजूच्या नळीत अडकला आणि मालक अर्धा आत, अर्धा बाहेर लटकला. जीटीचं छत बुटकं, माणूस उंच. सीटच्या पट्ट्या कापून सीट थेट फरशीवर घेतली, थोडी मागे सरकवली, स्टिअरिंग झटक्यात निघणारं बसवलं. हे आधीच कळलं म्हणून बरं. पुतणीने केजचे फोटो वेल्डिंगआधी, टाके घातलेल्या अवस्थेत, तपासनिसांना पाठवले होते. खांद्याच्या बेल्टचा कोन बदलायला त्यांनी सांगितलं, तेव्हा बदलायला दहा मिनिटं लागली. पूर्ण वेल्ड झाल्यावर तेच काम दोन दिवसांचं झालं असतं.

वजन वाढवण्याचा, म्हणजे बॅलास्टचा मोह टाळला. मिठावर पकड डांबराहून कमी असते म्हणून वेगवान गाड्या शेकडो किलो शिसं वाहतात. आमच्या वेगाला मागच्या चाकांवर लागणारा जोर पकडीच्या मर्यादेच्या खूप आत होता, तेव्हा वजनाने फक्त मिठाचा विरोध वाढला असता.

रद्द झालेला हंगाम

गाडी २०२२च्या स्पीड वीकसाठी तयार झाली. त्या वर्षी मैदानावर पाणी साचलं आणि स्पर्धा रद्द झाली. २०१४ आणि २०१५ सालीही असंच झालं होतं, त्यामुळे अनुभवी मंडळींना नवल वाटलं नाही. मालकाला मात्र ते फार लागलं.

इथे एक संधी होती. जुन्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर मैलभर अंतराच्या स्पर्धा होतात. तिथे एकदा जाऊन यावं, असा विषय निघाला. लांबचा प्रवास, खर्च, आणि "डांबरावरचं मिठावर लागू पडत नाही" या युक्तिवादाने तो मागे पडला. रिकाम्या वर्षात गाडीला रंग दिला.

मिठावर

पुढे एका ऑगस्टमध्ये गाडी अखेर रांगेत लागली. नवख्या चालकाला पायरीपायरीने परवाने घ्यावे लागतात. पहिली पायरी १२५ मैलांपर्यंतची, पुढची १२५ ते १५०. आमचं धावणं तीन मैलांच्या छोट्या ट्रॅकवर: दोन मैल वेग घ्यायला, तिसरा मोजणीचा.

पहिल्या धावेत मालकाने सांगितल्याप्रमाणे हात राखून गाडी चालवली. दुसऱ्या धावेत पूर्ण थ्रॉटल. तिसरा गिअर सुंदर ओढला, १०५च्या पुढे चौथा पडला, आणि गाडी जणू ओल्या वाळूत शिरली. लॉगरवरची रेघ जवळजवळ आडवी. थ्रॉटल शंभर टक्के, आरपीएम मुंगीच्या पावलांनी चढतोय, आणि मैल संपला. सरासरी ११४.

दुपारभर कार्बोरेटरवर काम झालं. उंचीवर एसयू थोडे 'रिच' चालतात, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतात, ऑक्सिजन सेन्सरही तेच सांगत होता. मालकाने ताडपत्रीवर मांडी घालून डॅशपॉट उतरवले, पिस्टन कापडावर उपडे ठेवले, आणि बारीक फरकाच्या पातळ सुया बसवल्या. बोटांना मीठ, म्हणून प्रत्येक सुई घालण्याआधी हात धुवायला पुतणी पाण्याची बाटली घेऊन उभी. इंजिन स्वच्छ चालू लागलं. सरासरी ११६ झाली. मिश्रण दुरुस्त झालं, दरी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी तिसऱ्या गिअरमध्येच ७,००० पर्यंत ताणायचा प्रस्ताव इंजिनवाल्याने मांडला. त्याने चौथा गिअर ११५च्या पुढे, वरच्या आरपीएमवर पडला असता. क्रँक तुटला तर तेल चाकाखाली येणार आणि चालक आत. मालकाने नकार दिला. हा नकार देताना त्याचा चेहरा फार उतरला होता, आणि म्हणूनच मला त्याची किंमत मोठी वाटते.

दुसरी फेरी

घरी आल्यावर लॉगरच्या रेघा तक्त्याशेजारी लावल्या आणि चर्चा पुन्हा सुरू झाली. ३.३ने चौथा गिअर ९८ मैलांना पडला असता, चाकांवरची शिलक पंधरावरून सुमारे सत्तावीसवर गेली असती. चांगला पर्याय, पण संच शोधावा लागणार होता.

शेडच्या कोपऱ्यातला जुना अ‍ॅक्सल आणि ओव्हरड्राइव्ह यांची पायरी त्याहून चांगली निघाली. ३.९वर चौथा गिअर ८३ला पडतो, तिथून थेट ११४ पर्यंत खेचतो. मग ओव्हरड्राइव्ह टाकला की आरपीएम ६,४०० वरून फक्त ५,२५० वर येतो, इंजिन ताकदीच्या पट्ट्यातच राहतं. १३०ला ५,९६०. इंग्लंडच्या मोटारवेवर निवांत जावं म्हणून कारखान्याने दिलेली सोय आमच्या अडचणीवर नेमकी बसत होती.

भीती ओव्हरड्राइव्हच्या क्लचची होती. दीडशे हॉर्सपॉवरखाली तो घसरेल का? युनिट उघडून त्याच्या अस्तराची, पंपाची आणि दाबाच्या व्हॉल्व्हची दुरुस्ती केली, जाळी धुतली. या बॉक्समध्ये गिअर आणि ओव्हरड्राइव्ह एकाच तेलावर चालतात, ते ताजं भरलं. डायनोवर पूर्ण थ्रॉटलवर वारंवार टाकून पाहिलं. ताकदीत थोडी घट दिसली, घसरण दिसली नाही. स्विच डॅशबोर्डवरून स्टिअरिंगच्या आरीवर आणला, म्हणजे हात सोडायला नको.

निष्पत्ती

पुढच्या खेपेला मिठावर सर्वोत्तम सरासरी १२६.८ मैल (२०४ किमी) आली. इंजिन तेच, हेड तेच, ताकद तीच. ११६ वरून १२६.८ हा सगळा फरक शेडमध्ये पडलेल्या दोन जुन्या भागांनी दिला. चाकांची घसरण लॉगरवर चार टक्क्यांच्या आसपास होती. मालकाला १२५च्या वरचा परवाना मिळाला. १३० झाले नाहीत.

मिठाने आपला हिस्सा घेतला. चाकांच्या कमानींत मिठाचे कडक थर बसले होते. परतताना गाडी पहिल्याच धुण्याच्या जागी खालून धुतली, घरी पुन्हा दोनदा. तरी महिन्याभरात ब्रेकच्या नळ्यांच्या जोडांवर तांबूस कडा दिसू लागल्या. नव्या सिलमध्ये आत मेण मारलं होतं, त्या स्वच्छ निघाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

गिअरिंगचा तक्ता कमाल वेगासाठी न वाचता शेवटचा गिअर पडतो त्या क्षणासाठी वाचायला हवा होता. त्या वेगाला गाडीला किती ताकद लागते आणि त्या आरपीएमला इंजिन किती देतं, हे दोन आकडे शेजारी लिहिले असते तर ३.०७ बसलाच नसता. हा हिशेब कागदावर अर्ध्या तासाचा आहे.

नळीचा अ‍ॅक्सल असलेल्या गाडीने दुसऱ्या गुणोत्तराचा पूर्ण अ‍ॅक्सल, ब्रेकसकट जुळवलेला, ट्रेलरमध्ये घेऊन जावा. पाट्यांचे यू-बोल्ट सोडून सबंध अ‍ॅक्सल बदलणं मैदानावर शक्य आहे, डिफरन्शियल उघडणं नाही. आमच्याकडे तसा अ‍ॅक्सल होता आणि आम्ही तो घरी ठेवून गेलो.

रद्द झालेल्या वर्षी धावपट्टीवर एक दिवस घालवायलाच हवा होता. डांबरावर मिठाचा विरोध नसतो हे खरं, पण चौथ्या गिअरची दरी तिथेही दिसली असती.

इंजिनाबद्दल मी कमी कठोर आहे. क्रॉसफ्लो हेड घेतलं असतं तर उरलेले दहा-अकरा हॉर्सपॉवर मिळाले असते असं इंजिनवाला म्हणतो, आणि तो बरोबर असेल. पण ते पैसे सिलमधून आले असते.

आता पुढचा निर्णय समोर आहे. एक वाट त्या हेडची. दुसरी वाट मॉडिफाइड स्पोर्ट्स वर्गात जाण्याची, जिथे हवेसाठी आकारात फेरफार करता येतात. माझा कौल दुसरीला आहे, आणि तो हिशेबावर आहे: ड्रॅगचा ०.७० हा आकडा ०.६४ वर आणला, तर आहे त्याच १५२ हॉर्सपॉवरमध्ये १३० बसतात. नाक बंद करणं आणि पोटाखाली सपाट पत्रा मारणं एवढ्याने नऊ टक्के सुटतील का, हे मोजण्यासाठी पुतणीने पोटाखालच्या पत्र्याचा पुठ्ठ्याचा नमुना कापायला घेतला आहे. इंजिनवाल्याने हेडचं कोटेशन मागवलं आहे. मालकाने अजून कोणाचीच बाजू घेतलेली नाही.